वाफ्यांतील हंगामी फुलें आणि आपलें ऊन

शहरांतील अनेक घरीं असा अनुभव येतो, कीं संक्रांतीच्या सुमारास ज्या वाफ्यांत व कुंड्यांत फुलांना जागा पुरत नव्हती, तेच वाफे शिमगा होतांच ओस पडूं लागतात, आणि चैत्रांत तेथें वाळलेल्या काड्यांशिवाय कांहीं उरत नाहीं. मग घरधनी उन्हाला दोष देतो, गृहिणी पाण्याला देते, आणि दोघें मिळून माळ्याला देतात. आज मला असें दाखवावयाचें आहे, कीं हा दोष या तिघांपैकीं कोणाचाच नव्हे. तो फुलांच्या निवडीचा आहे. आणि ती निवड बव्हंशीं आपण केलेली नसून दीडशें वर्षांपूर्वीं दुसऱ्यांनीं आपल्या सोयीसाठीं केलेली आहे. तिचा इतिहास समजला, म्हणजे वैशाखांतला वाफाही फुलवितां येतो.

हंगामी फुलझाड म्हणजे बीं रुजण्यापासून बीं धरण्यापर्यंतचें आपलें सारें आयुष्य एका हंगामांत संपविणारें झाड. आपल्या जुन्या परसबागांचा भर अशा झाडांवर नसे. तुळस, जास्वंद, मोगरा, कण्हेर, प्राजक्त हीं वर्षानुवर्षें टिकणारीं झाडें देवपूजेची व वेणीगजऱ्याची गरज भागवीत. एका जातीच्या शेंकडों रोपांनीं वाफा भरावयाचा आणि बहर ओसरतांच तीं उपटून दुसरीं लावावयाचीं, ही रीत आपल्याकडे विलायतेंतून आली.

विलायतेंतही ती फार जुनी नव्हे. दक्षिण आफ्रिकेंतून जिरेनियम, दक्षिण अमेरिकेंतून पेटुनिया व व्हर्बिना अशीं भडक रंगांचीं झाडें इंग्लंडांत पोहोंचलीं होतीं. पण तेथल्या थंडींत उघड्यावर तीं तग धरीत नसत. १८४५ सालीं कांचेवरील कर रद्द झाला, कांच स्वस्त झाली, आणि श्रीमंतांच्या बागांतून कांचघरें वाढलीं. त्यांच्या उबेंत हजारों रोपें तयार करावीं, मे-जून महिन्यांत थंडी सरली म्हणजे तीं बाहेर मांडावीं, आणि गालिच्यावरील नक्षीप्रमाणें रंगांचे पट्टे पाडावे, अशी चाल पडली. लंडनजवळ सिडनहॅम येथें १८५४ सालीं क्रिस्टल पॅलेस नव्यानें उभारला गेला. तेथें जोसेफ पॅक्स्टन यांनीं रचलेल्या बागेनें या चालीस मोठी प्रतिष्ठा दिली. विल्यम रॉबिन्सन यांच्यासारखे टीकाकार तिच्यावर तुटून पडले, आणि १८७० सालीं 'द वाइल्ड गार्डन' हा ग्रंथ लिहून त्यांनीं दुसरी वाट दाखविली. परंतु सार्वजनिक बागांतून ती चाल टिकून राहिली.

येथें एक गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. इंग्लंडच्या वाफ्यांतील पुष्कळशीं फुलें उष्ण देशांतून आलेलीं होतीं, म्हणूनच त्यांना कांचघराची ऊब लागे. हिंदुस्थानांतील इंग्रजांची ओढ मात्र उलट दिशेची होती. त्यांना हवें होतें तें मायदेशींचें थंड हवेंतलें फूल. याचें एक हृद्य उदाहरण विल्यम कॅरी यांचें आहे. १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश छापून प्रसिद्ध करणारे हेच ते सिरामपूरचे मिशनरी. ते वनस्पतींचेही मोठे व्यासंगी होते. १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठीं जी संस्था निघाली, तिचे ते संस्थापक. विलायतेहून आलेल्या बियांच्या पिशवीच्या तळाशीं थोडी माती उरली होती. कॅरींनीं ती बागेंतल्या सांवलींत झाडली, आणि कांहीं दिवसांनीं तेथें डेझीचें रोप उगवलें. तीस वर्षांत न पाहिलेलें तें फूल पाहून त्यांना अपार आनंद झाला. परंतु इंग्लंडांत मुळावर वर्षानुवर्षें जगणारें हें झाड बंगालच्या हवेंत तसें राहीना. तें त्यांना हंगामी झाडाप्रमाणें वागवावें लागलें. दर वर्षीं बीं राखून पुन्हां पेरावें, तेव्हां तें टिकलें.

बंगल्यांच्या बागांतून पुढें जें झालें, त्याचें बीज या कथेंत आहे. विलायती फुलांना आपल्याकडे हिंवाळा तेवढा मानवतो हें उमजल्यावर, ऑक्टोबरांत पेरणी, जानेवारी-फेब्रुवारींत बहर आणि मार्चांत शेवट, असें एक पंचांगच ठरून गेलें. बंगालकडे फर्मिंजर यांचा, आणि आपल्याकडे गणेशखिंडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक मार्शल वुड्रो यांचा, असे बागाईतीचे ग्रंथ साहेबलोकांच्या हातीं असत. मुंबई सरकारचा मुक्काम उन्हाळ्यांत महाबळेश्वरास हाले, आणि ज्यांना परवडे ते इतर लोकही डोंगर गांठीत. बंगल्यांत पाहणारेंच कोणी नसेल, तर एप्रिल-मे महिन्यांत फुलें असावींत याची निकड कोणाला वाटणार? उन्हाळ्यांतला वाफा उजाड राहण्यास हवेइतकीच ही राहणीही कारण झाली असावी, असा माझा तर्क आहे. साहेब गेला, तरी त्याचें पंचांग राहिलें. पुण्याच्या एम्प्रेस बागेंतलें पुष्पप्रदर्शन आजही जानेवारींत भरतें. तें योग्यच आहे. हिंवाळी फुलांची शोभा मला कमी लेखावयाची नाहीं. पण जे डोंगरावर जात नाहींत, त्या तुम्हां-आम्हांला उरलेले आठ महिने फुलांवांचून कां काढावे लागावेत?

आतां कोणी म्हणेल, कीं मग सरसकट उष्ण देशांतलीं फुलें लावावींत म्हणजे झालें. गोष्ट इतकी सोपी नाहीं. फ्लॉक्स हें टेक्ससचें फूल. थॉमस ड्रमंड नांवाच्या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकानें तेथें हालअपेष्टा सोशीत तें गोळा केलें, बीं विलायतेस धाडलें, आणि १८३५ सालीं तो क्यूबांत मरण पावला. हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याच्या स्मरणार्थ त्या जातीस त्याचें नांव दिलें. टेक्ससचें ऊन प्रखर खरें. पण फ्लॉक्स तेथें फुलतो तो वसंतांत. म्हणून आपल्याकडे तो हिंवाळ्यांतच शोभतो, आणि होळीनंतर त्यास पाणी घालणें व्यर्थ होय. तात्पर्य, फुलाचा देश विचारावा, आणि त्याबरोबर त्या देशांतला त्याचा ऋतूही विचारावा.

या कसोटीस उतरलेलें सर्वांत थोर उदाहरण झेंडूचें. दसऱ्याचें तोरण झेंडूवांचून आपणांस सुचत नाहीं. पण हें फूल मूळचें मेक्सिकोचें. तेथील जुन्या लोकांच्या भाषेंत त्याच्या नांवाचा अर्थ 'वीस फूल', म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचें फूल, असा आहे. स्पेनच्या राजाचा वैद्य फ्रान्सिस्को हर्नांडेझ १५७० ते १५७७ या काळांत मेक्सिकोंत वनस्पतींची पाहणी करीत होता. त्याच्या टिपणांत हें फूल आहे. इंग्रजांनीं मोठ्या झेंडूस आफ्रिकन व लहान मखमलीस फ्रेंच म्हटलें. दोन्हीं नांवें चुकीचीं. मिरची, काजू, पेरू हीं अमेरिकेंतलीं झाडें पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यास लागलीं, त्याच वाटेनें झेंडूही आला असावा. मेक्सिको शहर आणि मुंबई हीं दोन्हीं विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर आहेत. त्यामुळें दिवस लहान होऊं लागल्याची खूण झेंडूस दोन्हींकडे सारख्याच सुमारास मिळते. तेथें नोव्हेंबरच्या आरंभीं पितरांच्या सणाला त्याच्या राशी पडतात. येथें दसरा-दिवाळीला पडतात. परकें फूल आपल्या धर्मकृत्यांत इतकें मुरलें, त्याला सूर्याचीही अशी साक्ष आहे.

आपलें स्वतःचें हंगामी फूल म्हणजे तेरडा. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असें म्हणून आपण त्याची थट्टा करतों, आणि भाद्रपदांत त्याचीच गौर करून पूजितों. विलायतेस जाऊन त्यानें तेथील बागांत मान मिळविला. परंतु तो पावसाचा सोबती. त्यास चैत्राच्या उन्हांत उभा करूं नये.

भर उन्हासाठीं दुसरी मंडळी आहे. पहिली झिनिया. तीही मेक्सिकोची. गटिंगेन येथील प्राध्यापक योहान झिन यांनीं १७५५ सालीं डोळ्याच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, आणि १७५९ सालीं ऐन तारुण्यांत ते वारले. लिनियसनें त्यांचें नांव या वनस्पतीस दिलें. डोळ्यांच्या अभ्यासकास याहून चांगलें स्मारक कोणतें? दुसरा चिनी गुलाब. हा ना चीनचा, ना गुलाब. दक्षिण अमेरिकेंतल्या कोरड्या, रेताड भूमीवरचा हा घोळीच्या भाजीचा सख्खा भाऊ. १८२९ सालीं हूकरनें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिसरें बटणाचें फूल, म्हणजे गॉम्फ्रिना; हेंही अमेरिकेच्या उष्ण भागांतलें. चौथा गलांडा, म्हणजे गेलार्डिया. उत्तर अमेरिकेंतल्या या फुलास एका फ्रेंच न्यायाधीशाचें नांव मिळालें आहे. पांचवा पिवळा-नारिंगी कॉसमॉस, हाही मेक्सिकोचा. तो पुण्याच्या टेंकड्यांवर इतका माजला आहे, कीं त्याचें बीं कुंपणाबाहेर जाऊं न देणें हेंच आतां आपलें कर्तव्य होय. सहावी मादागास्करची सदाफुली. शास्त्राप्रमाणें ती हंगामी नव्हे. पण दर वर्षीं नवीं रोपें केल्यास वाफा भरदार दिसतो. हिच्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यास कर्करोगावरील औषधें निघालीं. मात्र घरीं पानें चघळून औषध करूं नये, तें विषारी आहे.

यांपैकीं कांहींना ऊन कां सोसतें, याचाही उलगडा झाला आहे. पान हवेंतला वायु घेण्यासाठीं बारीक छिद्रें उघडतें, त्याच वेळीं त्यांतून पाणी उडून जातें. १९६६ सालीं ऑस्ट्रेलियांत हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनीं उंसाच्या पानांतली एक विशेष युक्ति उकलून दाखविली. तिच्या योगें थोड्या वायूंत व थोड्या पाण्यांत झाडाचें अन्न तयार होतें. बटणाच्या फुलाजवळ व चिनी गुलाबाजवळ हीच युक्ति आहे. चिनी गुलाब तर फार ताण पडला म्हणजे रात्रींही वायु घेऊन सांठवूं शकतो. जो गुण निसर्गानें बियांत भरला आहे, तो आपण झारीनें भरूं पाहतों. तेथें आपली फसगत होते.

आतां निगेविषयीं थोडेंसें. दिवसाचे निदान सहा तास ऊन लागेल असा वाफा निवडावा. माती हातभर खणून तींत कुजलेलें शेणखत मिसळावें. पण फार नव्हे, कारण जास्त खतानें पाला माजतो व फुलें रुसतात. माघांत पेरलें म्हणजे कडक ऊन येण्यापूर्वीं मुळें खोल जातात. झिनिया जागच्या जागीं पेरावी आणि दोन रोपांत सुमारें वीतभर ते फूटभर अंतर राखावें. चिनी गुलाबाचें बीं अतिशय बारीक असल्यानें तें वाळूंत मिसळून वरच्यावर भुरभुरावें, मातींत गाडूं नये. झेंडूचीं रोपें महिन्याभराचीं झालीं म्हणजे संध्याकाळीं लावावींत, आणि तीं धरल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे बगलफांद्या फुटतात. पाणी सकाळीं, मुळाशीं, पण पोटभर द्यावें. रोज वरवर शिंपडल्यानें मुळें वरच राहतात व दुपारीं भाजून निघतात. झिनियाचीं पानें भिजवूं नयेत, त्यांवर भुरी येते. बुडाशीं वाळक्या पाल्याचा थर द्यावा. सुकलेलीं फुलें खुडीत जावें. बीं धरूं लागलें, कीं झाड आपलें काम झालें असें समजतें.

मात्र प्रत्येक जातीचीं चांगलीं दोन-तीन झाडें बियांसाठीं राखावींत. संकरित बियांपासून झालेल्या झाडांचें बीं मूळ गुण राखील असा भरंवसा नसतो; म्हणून पहिलें बीं साध्या, देशी वळणाच्या जातीचें घ्यावें. आपल्या अंगणांतलें ऊन सोसून, आपल्या मातींत जें झाड सर्वांत चांगलें फुललें, त्याचें बीं पुढच्या वर्षीं पेरावें, असें चार-सहा वर्षें केलें, म्हणजे तीं फुलें त्या घरचीं होऊं लागतात. झेंडू आपला झाला तो असाच. कोणा साहेबाच्या ग्रंथानें नव्हे, तर असंख्य माळ्यांनीं व शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या बीं राखल्यानें. त्यांचीं नांवें कोणत्याही वनस्पतीस मिळालीं नाहींत.

उन्हाळे अधिक कडक होत आहेत, आणि शहरांतलें पाणी दिवसेंदिवस मोलाचें होत आहे. अशा काळांत न टिकणाऱ्या फुलांवर बादल्या ओतणें हा शौक राहिला नसून उधळपट्टी झाली आहे. माघ महिना लागला, कीं वाफ्याच्या एका कोपऱ्यांत झिनिया व चिनी गुलाब यांचें चिमूटभर बीं टाकून पाहावें. हिंवाळी फुलें निरोप घेतील त्या सुमारास हीं उमलूं लागतील, आणि वाफा ओस पडणार नाहीं.