रोहिणी भाटे आणि इसाडोरा

नृत्य ही कुलीन घरातील मुलीने शिकावयाची विद्या नव्हे, हा समज एके काळी किती दृढ होता, हे आम्हां नाशिककरांस निराळे सांगावयास नको. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ सालच्या चित्रपटात तारामतीचे काम पुरुषास करावे लागले. पुढे त्यांनी नाशकात ‘मोहिनी भस्मासुर’ काढला, तेव्हा कोठे मोहिनी होऊन नाचावयास कमलाबाई गोखले उभ्या राहिल्या. फर्ग्युसन कॉलेजची पदवी घेतलेल्या रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात कथकाची ‘नृत्यभारती’ स्थापिली, ती ह्या पार्श्वभूमीवर.

परंतु आमचे कुतूहल निराळे आहे. ह्याच बाईंनी इसाडोरा डंकन हिचे आत्मचरित्र ‘मी इसाडोरा’ ह्या नावाने मराठीत आणले. इसाडोरा (१८७७–१९२७) ही अमेरिकन नर्तकी. बॅलेचे आवळ बूट आणि ठरीव पवित्रे टाकून ती अनवाणी, सैल ग्रीक वस्त्रात, शोपँच्या संगीतावर नाचली. मनाची ऊर्मी हेच तिचे शास्त्र. तीनतालाच्या सोळा मात्रांशी जन्माचे नाते जोडलेल्या कथक नर्तकीस तिच्याशी काय कर्तव्य?

रोहिणीबाईंची नवता इसाडोरेच्या अनुकरणातून आली, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. अनवाणी पाय हे युरोपात बंड होते. आमच्याकडे नर्तकीच्या पायांत चाळ असतात, बूट कधीच नव्हते! शिवाय रोहिणीबाईंनी परंपरा टाकली नाही. जयपूर घराण्याचे सोहनलाल, पुढे लखनौ घराण्याचे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्यापाशी त्या वर्षानुवर्षे शिकल्या.

मग त्यांचे स्वतःचे ते कोणते? कथकात भाव दाखविताना एकच ओळ पुनःपुन्हा म्हटली जाते आणि दर खेपेस नर्तकी तिचा निराळा अर्थ अभिनयाने मांडते. म्हणजे व्यक्तीस मोकळीक तेथे पूर्वीपासूनच होती. मात्र ओळ बहुधा परंपरेने हाती दिलेली असे. रोहिणीबाईंनी ती ओळच आपली केली. केशवराव भोळे, वसंतराव देशपांडे यांच्यापाशी गाणे शिकून त्या स्वतः रचना बांधू लागल्या, आणि कालिदासाच्या शकुंतलेकडेही वळल्या. काय सांगावयाचे हे जेव्हा नर्तकी ठरविते, तेव्हाच अभिनय खऱ्या अर्थाने तिचा होतो, असे आमचे मत आहे.

ऊर्मी शिकविता येत नाही, ही इसाडोरेची अडचण होती. तिने शाळा काढल्या, मुली तयार केल्या. तरी पाहणाऱ्यांस जे वेड लागे ते तिच्याबरोबरच गेले. रोहिणीबाई २००८ साली वारल्या, त्यांच्यामागे शिष्यांची परंपरा राहिली. व्याकरण जड असते खरे, पण ते दुसऱ्याच्या हाती देता येते.

‘माझी नृत्यसाधना’ हे रोहिणीबाईंचे आत्मकथन आणि ‘मी इसाडोरा’ ही दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावी. आम्ही इसाडोरेस आधी घेऊ.