इटलीचे पंचांग : सुटीचा दिवस कोणाचा?

एखाद्या घराण्याची परंपरा जाणून घ्यावयाची असेल तर त्याच्या देव्हाऱ्यातले टाक पाहावेत. एखाद्या राष्ट्राची जाणून घ्यावयाची असेल तर त्याच्या सुट्यांची यादी पाहावी. वरकरणी ही यादी म्हणजे एक रुक्ष सरकारी कागद. परंतु कचेऱ्या कोणत्या दिवशी बंद ठेवावयाच्या हे ठरविताना, राष्ट्राने काय आठवावयाचे आणि काय विसरावयाचे हेही ठरत असते. इटलीच्या इतिहासात या गोष्टीचा जितका स्वच्छ प्रत्यय येतो तितका क्वचितच दुसरीकडे येईल.

या पंचांगाचा तळचा थर फार जुना आहे. १५ ऑगस्टला इटलीत ‘फेर्रागोस्तो’ असतो. दुकाने बंद, शहरे ओस, आणि माणसे समुद्रकाठी वा डोंगरात. चर्चच्या लेखी हा मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण. पण नाव मात्र रोमन सम्राट ऑगस्टसच्या नावे चालणाऱ्या सुट्यांवरून आलेले. धर्म बदलला, देवता बदलली, सुटी तेवढी राहिली! लोकांनी जुन्या ओट्यावरच नवा दिवा लावला. ६ जानेवारीच्या एपिफनीचेही तसेच. शास्त्राप्रमाणे हा पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी बाल येशूचे दर्शन घेतल्याचा दिवस. पण इटालियन मुलांना विचाराल तर तो ‘बेफाना’ म्हातारीचा दिवस. केरसुणीवर बसून ती रात्री येते, शहाण्या मुलांच्या मोज्यांत खाऊ घालते आणि खोडकरांच्या मोज्यांत कोळसा.

या थरावर एकोणिसाव्या शतकात राष्ट्राने आपला थर चढविला आणि तंट्याला तोंड फुटले. मॅझिनीचे नाव आपल्याला परके नाही. सावरकरांनी त्याचे चरित्र व विचार मराठीत आणले ते १९०७ साली. त्या मॅझिनीने रोममध्ये प्रजासत्ताकाचा कारभार पाहिला तो १८४९ मध्ये, आणि तोही अवघे काही महिने. पुढे १८६१ मध्ये इटलीचे राज्य स्थापन झाले, पण राजाच्या छत्राखाली. आणि रोम तेव्हाही पोपच्याच ताब्यात होते. २० सप्टेंबर १८७० रोजी इटालियन फौजा पोर्ता पियाजवळच्या तटाला खिंडार पाडून शहरात शिरल्या. नववा पायस व्हॅटिकनमध्ये स्वतःला बंदिवान म्हणवू लागला. १८९५ साली, पंचवीस वर्षे पुरी होताच, हा दिवस राष्ट्रीय सण ठरला. राष्ट्राने ज्या दिवशी गुढी उभारावी तोच दिवस निष्ठावंत कॅथलिकांना सुतकासारखा वाटावा, असा हा पेच होता.

तो पेच मुसोलिनीने आपल्या पद्धतीने सोडविला. सत्तेवर येताच, १९२३ साली, त्याने कामगारांचा १ मे रद्द करून श्रमाचा उत्सव २१ एप्रिलला, म्हणजे रोमच्या परंपरागत स्थापनादिनी, नेला. हेतू उघड होता : कामगाराने जगातल्या कामगारांकडे नव्हे, सीझरच्या वैभवाकडे पाहावे. ११ फेब्रुवारी १९२९ रोजी पोपशी लॅटरनचा करार झाला, आणि लगेच १९३० साली २० सप्टेंबर यादीतून गेला. त्याच्या जागी कराराचा ११ फेब्रुवारी आला. ज्या दिवसाने राष्ट्राला राजधानी मिळवून दिली तो दिवस तहाची किंमत म्हणून खर्ची पडला. तो सुटीचा दिवस म्हणून अद्याप परतलेला नाही.

महायुद्धानंतरच्या प्रजासत्ताकाने आपले दोन दिवस यादीत घातले. पहिला २५ एप्रिल. १९४५ साली या दिवशी उत्तर इटलीच्या मुक्ती समितीने मिलानमधून सार्वत्रिक उठावाची हाक दिली. दुसरा २ जून. १९४६ साली या दिवशी राजा हवा की प्रजासत्ताक, असा कौल घेतला गेला. राष्ट्रीय मतदानात स्त्रियांनी भाग घेण्याचा हा पहिलाच प्रसंग. प्रजासत्ताकाला सुमारे १ कोटी २७ लक्ष मते पडली, राजाला १ कोटी ७ लक्ष. मॅझिनीचे स्वप्न खरे झाले ते असे, शंभर वर्षांनी आणि थोड्या बहुमताने. १ मेही परत आला. मात्र २५ एप्रिलवर वाद आजही होतात. कारण त्या लढ्यात जर्मनांसमोर इटालियन होते, तसेच इटालियनांसमोर इटालियनही होते. व्हेनिसमध्ये तर हाच दिवस नगराच्या रक्षक संत मार्कचा. तिथे एकाच तारखेला दोन स्मरणे सुखाने नांदतात.

१९७७ साली कात्री चालली ती हिशेबाची. सुट्या फार, उत्पादन बुडते, अशी ओरड होती. मार्चच्या कायद्याने एपिफनी, संत जोसेफ, संत पीटर व पॉल यांच्यासह पाच धार्मिक सणांची सुटी गेली आणि प्रजासत्ताक दिन जूनच्या पहिल्या रविवारी ढकलला गेला. लॅटरन कराराची १९८४ साली फेररचना झाली, तेव्हा एपिफनी पुन्हा यादीत आली. १९८५ अखेरच्या हुकुमाने बेफानाची सुटी परत मिळाली आणि २९ जून केवळ रोमपुरता राहिला. २ जूनला मात्र नोव्हेंबर २००० मधील कायद्याची वाट पाहावी लागली. राष्ट्राध्यक्ष चाम्पी यांनी त्याचा आग्रह धरला होता. म्हातारीला आठ वर्षे लागली, प्रजासत्ताकाला तेवीस!

या फरकातच सारे मर्म आहे. बेफाना घराघरांत होती. तिची सुटी गेली, पण मोजे टांगायचे थांबले नाहीत. तेच नगरदेवतांचे. मिलान ७ डिसेंबरला संत अँब्रोजचा सण पाळते, फ्लॉरेन्स २४ जूनला संत जॉनचा, नेपल्स १९ सप्टेंबरला संत जेनारोचा. हे दिवस लोकांच्या अंगवळणी पडलेले आहेत. राष्ट्राच्या दिवसांना अशी मुळे आपोआप फुटत नाहीत. ती मुद्दाम जोपासावी लागतात. संचलन आणि भाषणे त्यांना पुरेशी होत नाहीत. तो दिवस का मिळाला, कोणी किती किंमत मोजली, हे घरातल्या मुलाला सांगणारे माणूस घरातच असावे लागते.

२०२५ साली इटलीच्या संसदेने ४ ऑक्टोबर, संत फ्रान्सिसचा दिवस, २०२६ पासून राष्ट्रीय सुटी ठरविला. आठशे वर्षांपूर्वी, १२२६ मध्ये, तो निवर्तला. ज्याने बापाची संपत्ती नाकारली त्याच्या नावे आता कचेऱ्या बंद राहतील. यादीत नाव घालणे सरकारचे काम; त्या नावात प्राण घालणे लोकांचे.