पातळ चिखलाची गोष्ट

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये पूल नावाचं बंदर आहे. बंदराच्या तोंडाशी सँडबँक्स, म्हणजे डोळे पांढरे करणाऱ्या किमतींच्या घरांची वस्ती. आत ब्राउनसी नावाचं बेट, जिथे तांबड्या खारी अजून टिकून आहेत. आणि या सगळ्याच्या खाली तेल! विच फार्म हे तेलक्षेत्र १९७३ साली सापडलं. पुढे कळलं की साठ्याचा बराच भाग पूर्वेला समुद्राखाली पसरलाय. तिथे पोचायला उपसागरात चक्क एक कृत्रिम बेट बांधायचा बेत होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बीपीने तो गुंडाळला आणि ठरवलं, की आपल्या जागेवरूनच आडव्या विहिरी मारायच्या. खर्च कमी, आणि समुद्र बघायला घर घेतलेल्यांची कटकटही नाही.

१९९८ साली एम-११ ही विहीर आडवी १० किलोमीटरच्या पुढे गेली. १९९९ ची एम-१६ तर १०.७ किलोमीटर. आणि खोली? जेमतेम १.६ किलोमीटर.

आता तुम्हाला वाटेल, अडचण पोलादाची असेल, मोटरच्या ताकदीची असेल. ती होतीच. पण खरी खोडी चिखलाची. म्हणजे 'मड'ची. हे मड पाइपातून खाली जातं, बिटच्या तोंडातून बाहेर पडतं आणि पाइप व खडक यांच्यामधल्या फटीतून दगडाचा चुरा घेऊन वर येतं. शिवाय त्याच्या वजनाने खडकातलं तेल-वायू दाबून धरलेलं असतं. वजन कमी पडलं तर विहीर उसळते. जास्त झालं तर खडक फाटतो आणि मड भेगांत गायब!

थोडा हिशोब करू. आकडे सोयीचे घेतलेत. १.६ किलोमीटर खोलीवर पाण्याच्या १.२ पट जड मडचा दाब होतो साधारण १८८ बार. खडक फाटतो समजा २३० ला. पंप चालू केला की फटीतून वर येणारं मड घासतं, त्याचा जादा दाब धरा किलोमीटरमागे ५ बार. उभ्या विहिरीत ८ बार वाढले, एकूण १९६. काही बिघडत नाही. पण ११ किलोमीटर लांब विहिरीत वाढले ५५, म्हणजे २४३. खडक फाटला! घर्षणाचं बिल लांबीवर येतं आणि खडकाची ताकद मिळते खोलीवर. सगळी गोम इथे आहे.

यातून एक भलताच घोळ होतो. पंप चालू असताना मड भेगांत शिरतं, आणि बंद केला की भेगा मिटतात नि तेच मड परत येतं. वर उभ्या माणसाला वाटतं, विहीर उसळतेय. तो मड आणखी जड करतो. मग खडक आणखी फाटतो. तळाचा दाब खणता खणता मोजणारी उपकरणं नव्वदच्या दशकात वापरात आली, तेव्हा कुठे हे नीट दिसायला लागलं.

उपाय तसा सरळ: मड पातळ करा. घर्षण निम्मं झालं तर वरच्या हिशोबात २१५ बार, काम फत्ते. आडव्या भोकात तर पातळ मडचा आणखी एक फायदा. दाट मड तळाशी बसलेल्या चुऱ्यावरून नुसतं सरकत जातं. पातळ मड खळबळतं, आणि पाइप फिरत असला की चुरा उचलतं.

मग आधीच पातळ का नाही केलं? कारण बराइट. विसाच्या दशकात लुइझियानात स्ट्राउड नावाच्या गृहस्थांनी मड जड करायला हा खनिज भुकटा वापरायची पद्धत रुळवली. बराइट पाण्याच्या चौपट जड, त्यामुळे तळाशी बसणारच. तो तरंगता राहावा म्हणून बेंटोनाइटसारख्या मातीने मड दाट करायचं. म्हणजे जडपणासाठी दाटपणा विकत घ्यायचा! विच फार्मच्या साठ्यातला दाब साधारणच होता, तिथे फार जड मड लागलं नाही. पण उत्तर समुद्रात जास्त दाबाच्या विहिरींना लागायचं. आडव्या-तिरक्या भोकात बराइट खालच्या बाजूला बसून घसरला, की वरचं मड हलकं आणि विहीर उसळायला मोकळी.

याची किल्ली १८५१ पासून पडून होती. स्टोक्सचा नियम आठवतोय? कणाचा व्यास दहापट कमी, तर बसण्याचा वेग शंभरपट कमी. पाण्यात रवा टाका, लगेच तळाशी. घावनाची पिठी टाका, पाणी बराच वेळ पांढरं. नेहमीचा बराइट ७५ मायक्रॉनपर्यंतचा असतो. २००० नंतरच्या दशकात नॉर्वेच्या स्टॅटॉइलने आणि मड पुरवणाऱ्या एम-आय कंपनीने दहा मायक्रॉनच्या बरंच आत दळलेला बराइट विहिरींत वापरला. नुसतं दळून भागत नाही हं. इतके बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि मड उलट दाटच होतं! म्हणून प्रत्येक कणावर एक पातळ रासायनिक लेप द्यावा लागतो, मग ते एकमेकांपासून सुटे राहतात.

फुकट काहीच मिळत नाही. असा बराइट महाग पडतो. शिवाय खणताना खडकाचाही बारीक भुगा मडमध्ये मिसळतो. तो एरवी सेंट्रिफ्यूजने काढतात, पण आता बराइटच तेवढा बारीक, त्यामुळे यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. मग बराइट वाचवायचा तर भुगा मडमध्येच राहतो आणि दिवसेंदिवस मड पुन्हा दाट होत जातं.