भोगवर्धनची हस्तिदंती स्त्री : आस्वादाच्या इतिहासाची एक शक्यता

कलेच्या इतिहासात कलाकृतीच्या कर्त्याला, शैलीला आणि आश्रयदात्याला जागा असते. ती कुणाला प्रिय होती हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. सौंदर्यशास्त्र आस्वादकाचा विचार करते खरे, पण त्याला निराकार करून. अभिनवगुप्ताच्या सहृदयाला गाव नसते, कांटच्या निरिच्छ आस्वादकाला घर नसते. सामान्य माणसाची आवडती वस्तू आणि तिच्याशी जडलेला त्याचा लळा हा मग आठवणींचा विषय ठरतो, मीमांसेचा नव्हे. प्राचीन काळाबाबत तर असा इतिहास अशक्यच मानला जातो, कारण साक्ष देणारे कुणी उरलेले नाही. जालना जिल्ह्यातील भोकरदनशी जिचे नाते जोडले जाते त्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या संदर्भात या गृहीताचा फेरविचार करावयास हवा.

मूर्ती सापडली ती इटलीत. १९३८ साली अमेदेओ मैउरी यांच्या उत्खननात पाँपेईच्या एका हमरस्त्यालगतच्या घरात ती मिळाली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, तेव्हा ती त्या घरात होती. उंची सुमारे २५ सेंटिमीटर. दागिन्यांखेरीज अंगावर काही नाही. हात बांगड्यांनी आणि पाय वाळ्यांनी भरलेले. दोन्ही बाजूंना प्रसाधनाची पात्रे धरलेल्या दोन लहानशा सेविका. मैउरींनी तिला लक्ष्मी म्हटले आणि हे नाव आजही तिला चिकटून आहे. ती मथुरेकडची असावी असा आरंभीचा तर्क होता. पुढे तेरला तिच्या धाटणीची हस्तिदंती मूर्ती असल्याचे ध्यानात आले. आणि १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली केळना नदीकाठच्या भोकरदनला (ते तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, जालना जिल्हा १ मे १९८१ चा) जे उत्खनन केले, त्यात तिची बहीण शोभावी अशी एक भग्न मूर्ती हाती आली. प्राचीन भोगवर्धन ते हेच. उज्जैनहून पैठणकडे येणाऱ्या मार्गावरचे हे सातवाहनकालीन नगर होते. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून भडोचला जात असल्याचे ‘पेरिप्लस’ सांगतो. भडोचहून निर्यात होणाऱ्या जिनसांत हस्तिदंताचाही उल्लेख आहे.

मूळ स्थानाविषयीच्या या चर्चेइतकीच तिच्या नावाची चर्चाही लांबली. लक्ष्मीची लक्षणे तिच्या ठायी पुरेशी नाहीत, म्हणून पुढील अभ्यासकांनी तिला यक्षी ठरविले. या नामांतरामागे मूर्तिशास्त्राची शिस्त आहेच. पण त्याखाली एक संकोचही दडलेला असावा. देवता म्हटले की नग्नतेचा खुलासा आपोआप होतो. नेपल्सच्या संग्रहालयाने उलट टोक गाठले : पाँपेईतील कामविषयक वस्तूंसाठी राखलेल्या आणि २००० साली सर्वांना खुल्या झालेल्या ‘गुप्त कक्षा’त तिला ठेवले. हान्स रॉबर्ट याऊसच्या परिभाषेत ही दोन अपेक्षा-क्षितिजे आहेत, एक पूजेचे आणि एक कामाचे. ज्या घरात ती सापडली त्या घराचे क्षितिज मात्र या दोहोंत कुठेच नाही.

त्याचा माग मूर्तीच्या देहावरच आहे. तिच्या माथ्यातून खाली एक भोक कोरलेले आहे. ती स्वतंत्र शिल्प म्हणून घडविलेली नव्हती. आरशाची मूठ किंवा एखाद्या लहानशा मेजाचा आधार असावी, असे मानले जाते. अफगाणिस्तानातील बेग्राम येथे १९३७ पासून मिळालेल्या हस्तिदंती फलकांवरील स्त्रियाही आसनांच्या सजावटीचाच भाग होत्या. वात्स्यायनाने काहीशा उत्तरकाळी नागरकाच्या शयनगृहाचे जे वर्णन केले आहे, त्यात वीणा टांगायची खुंटीही हस्तिदंताचीच आहे. अर्थात ही वस्तू रोजच्या वापरातली होती. साजशृंगार करताना हात लागावा, पुसून जागेवर ठेवावी, अशा सहवासात तिची आवड घडली असणार. तिच्या मूळच्या मालकांना तिचे नाव ठाऊक असेलही. पाँपेईच्या घरात ते कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरीही ती तिथे जपलेली होती. नावावाचून, पुराणकथेवाचून एखादी प्रतिमा प्रिय होऊ शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

योगायोग असा की भोकरदनचा उत्खनन-अहवाल आणि रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ ही दोन्ही पुस्तके १९७४ चीच. पाटणकरांनी सौंदर्यानुभवाच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांतला ताण मराठीत प्रथमच इतक्या सविस्तरपणे मांडला. पुढील मराठी चर्चेने लौकिकाचा अर्थ भावना, नीती, जीवनमूल्ये इतकाच घेतला. वापर, स्पर्श, मालकी यांना तिने दारातच उभे ठेवले. साहित्यावर पोसलेल्या समीक्षेचा हा दोष समजण्यासारखा आहे. कवितेला मूठ नसते.

भोगवर्धनच्या माणसांना कला म्हणजे काय वाटे, याची एक लेखी साक्ष मात्र उपलब्ध आहे. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनहून आलेल्या दात्यांची नोंद आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनीही आपल्या कामाची नोंद कोरून ठेवली, हे सर्वश्रुत आहे. या लेखांत वर्णन नाही, स्तुती नाही. माणसाचे नाव, गावाचे नाव आणि ‘दान’ एवढेच. घरातील हस्तिदंती स्त्रीवर कुणाचे नाव नाही, आणि जिथे नाव कोरले तो दगड कधीच घरी यायचा नव्हता. एकाच नगरातील माणसे एक प्रतिमा हाताशी ठेवीत होती आणि दुसरी शेकडो कोस दूर देऊन टाकीत होती. पहिल्या नात्याला उपभोग आणि दुसऱ्याला भक्ती म्हणून मोकळे होता येईल. पण ‘भोगवर्धन’ हेच ज्या नगराचे नाव, तिथल्या दात्यांना ही फाळणी मान्य झाली असती का, याची शंका वाटते.

एक अडचण येथे नोंदविली पाहिजे. पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील एक अक्षर आहे, आणि ती लिपी दख्खनची नव्हे, वायव्येकडची. मूर्ती भोकरदनच्याच कारखान्यातली म्हणणाऱ्यांना याचा उलगडा करावा लागतो : कारागीर तिकडचा, की माल तिकडून फिरून गेला, की साम्य केवळ समान परंपरेचे? अक्षराचा स्वतःचा हेतू बहुधा साधा असावा. कोणता भाग कुठे बसवायचा, हे जोडणाऱ्याला कळावे म्हणून सुतार आजही तुकड्यांच्या तळाशी अशी खूण करतात. जोडकाम झाले की ती दिसेनाशी होते.