डेलिकेटेसन : स्थलांतर आणि स्वादस्मृती

न्यूयॉर्कमधील ज्यू डेलिकेटेसन हा पूर्व युरोपातून आणलेला वारसा मानला जातो. इतिहास या समजुतीला पुरता दुजोरा देत नाही. मुळात हा शब्द जर्मन. खारवलेले मांस, सॉसेज व तयार पदार्थ विकणारी ही दुकाने एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत रुजवली. १८८० नंतर मोठ्या संख्येने आलेल्या पूर्व युरोपीय ज्यूंनी ती कोशर आहारनियमांत बसवली. मांसाबरोबर दुग्धजन्य पदार्थ निषिद्ध असल्याने कोशर दुकानांत चीज मिळत नसे.

पास्ट्रामीचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. तुर्कांचा 'पास्तिर्मा' रुमानियात 'पास्त्रामा' झाला. तेथील ज्यू तो हंसाच्या मांसाचाही करीत. अमेरिकेत गोमांस स्वस्त होते. त्यामुळे पदार्थाचे नाव टिकले, द्रव्य बदलले. मायदेशी गरिबाच्या ताटात सणासुदीलाच पडणारे मांस येथे राय ब्रेडच्या दोन कापांत रोजचे झाले. ही चव जितकी मायदेशाची, तितकीच नव्या सुबत्तेची होती.

आल्फ्रेड केझिन यांच्या 'अ वॉकर इन द सिटी' (१९५१) या आत्मपर ग्रंथात शब्बाथ संपताच उघडणारे डेलिकेटेसन येते, ते ब्रुकलीनमधील बालपणाची खूण म्हणून. १९३७ साली सुरू झालेले मॅनहॅटनमधील कार्नेगी डेली २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा हळहळ व्यक्त झाली तीही न्यूयॉर्कच्या एका परंपरेसाठी. म्हणूनच स्थलांतरितांच्या साहित्यातील अन्नवर्णन हा केवळ मायदेशाचा पुरावा मानता येत नाही. परभूमीत घर कसे घडले, याचाही तो दस्तऐवज असतो.