बांधावरची वाट

मागच्या दिवाळीत माझा भाचा मुंबईहून आला, तो पाठीवर भलीमोठी सॅक घेऊनच. बाली बेटावरची भाताची खेडी पायी हिंडून तो नुकताच परतला होता. फराळाच्या ताटापेक्षा त्याचे लक्ष आपल्या छायाचित्रांकडेच अधिक! डोंगर कोरून केलेल्या भाताच्या पायऱ्या, त्यांतून झुळझुळणारे पाणी, आणि ते पाणी वाटून घेणारी गावकऱ्यांची मंडळे. त्या मंडळांना तिकडे ‘सुबक’ म्हणतात, हे ऐकून घरातली सारी मंडळी हसली. 2012 साली त्या शेतांना जागतिक वारशाचा मान मिळाला. फिलिपिन्समधल्या इफुगाओंच्या शेतांना तो 1995 सालीच मिळाला होता.

“मामा, तुमच्या अलिबागेत समुद्र आणि बंगले सोडले, तर पाहण्यासारखं काय आहे हो?” त्याने विचारले.

मास्तरकीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला असल्या प्रश्नांचा राग येत नाही. मी म्हटले, “उद्या पहाटे ही सॅक घेऊन माझ्याबरोबर चल.”

आम्ही आधी कनकेश्वराचा डोंगर चढलो. वरून एका अंगाला समुद्र दिसतो, तर दुसऱ्या अंगाला धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेली भातजमीन. उतारावर लहान लहान खाचरे एकाखाली एक लागलेली. खाली सपाटीला खारेपाट. भात पिकून पिवळे झाले होते. डोंगर उतरून आम्ही बांधाबांधाने पोयनाडच्या दिशेने चालू लागलो.

वाचकहो, खारेपाटातला बांध हा नुसता मेरेचा बांध नव्हे. पलीकडे भरतीचे खारे पाणी, अलीकडे भाताचे शेत, आणि मध्ये ही चिखलमातीची भिंत! पावसाचे गोडे पाणी जमिनीतले मीठ धुऊन काढते. जादा झालेले पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडायचे आणि भरती येण्याआधी उघाडी लावून घ्यायची. एका रात्री बांधाला खांड पडली, की एकाचे नव्हे, साऱ्या गावाचे शेत बुडते. म्हणून खांड बुजवायला सारा गाव धावतो. बालीत माणसे पाणी वाटून घेतात, इथे माणसे समुद्राची धास्ती वाटून घेतात, एवढाच काय तो फरक.

पण बांध घालणाऱ्याचे शेत त्याचे होते का? नव्हते! सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा होता. मुळात तो साऱ्याची वसुली करणारा. पण हळूहळू तोच जमिनीचा धनी होऊन बसला. पिकाचा मोठा वाटा त्याच्या घरी जाई, शिवाय वेठ निराळी. कमरेभर चिखलात उभे राहून खांड बुजवणाऱ्याच्या पोरांना दिवाळीनंतर चार महिन्यांतच भाताची ददात पडे.

दुपारी आम्ही चरी गावात पोचलो. भाचा म्हणाला, “मामा, इथे तर काहीच नाही!” खरेच होते, इतर चार गावांसारखेच हे गाव. मी त्याला बांधावर बसवले आणि सांगू लागलो.

1933 सालची दिवाळी नुकतीच सरली होती. 27 ऑक्टोबरला या चरीत शेतकऱ्यांची सभा भरली. पुढारी होते नारायण नागू पाटील. सभेत ठरले, की खोताची जमीन आता कसायची नाही. पंचवीस गावांनी तो शब्द पाळला. वर्ष-दोन वर्षे नव्हे, 1939 पर्यंत! जी जमीन वाडवडिलांनी समुद्राच्या तोंडातून काढली, ती डोळ्यांदेखत पडीक राहू द्यायची! कामगाराने संप केला तर यंत्र थांबते. शेतकऱ्याने संप केला तर त्याची स्वतःचीच चूल थांबते. लाकूडफाटा विकून आणि खाडीची मासळी धरून या माणसांनी दिवस काढले, पण नांगर धरला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1934 साली येथे आले आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकरी विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. 1939 साली कूळकायदा झाला, 1949 साली खोती नाहीशी करणारा कायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरून कूळ जमिनीचा मालक झाला. शेत हातचे जाऊ नये म्हणून ज्यांनी ते सोडले होते, त्यांच्याच घरी ते परत आले.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने समोर बोट दाखवले. तिथे बांध फुटून खारे पाणी आत शिरले होते आणि भाताच्या जागी कांदळ माजले होते.

“आणि हे, मामा?”

मास्तरला उत्तर पाठ असावे लागते. पण त्या दिवशी मी अडखळलो. पोरे नोकरीला शहरात गेली आहेत. बांधावर धावणारे हात कमी झाले आहेत. जमिनीला भाव आला आहे, आणि सहा वर्षांच्या उपाशीपणाने जी मोडली नाहीत ती घरे आज हसतमुखाने कागदावर सह्या करतात. त्यांना दोष कसा देऊ? शेती परवडत नाही, हे मलाही ठाऊक आहे; माझ्या स्वतःच्या वाटणीचे खाचर दोन वर्षे पडीक आहे. तेही मी त्याला सांगून टाकले.

परतताना एका ओळखीच्या घरी म्हातारीने नव्या भाताचे पोहे पुढे ठेवले. भाच्याने या वेळी सॅकमधून कॅमेरा काढला नाही. त्याने शेवटचा दाणाही टिपून खाल्ला, आणि हळूच विचारले, “मामा, तुमच्या त्या खाचराचा बांध नीट करायला किती दिवस लागतील?”

यंदाच्या दिवाळीला तो दोन दिवस आधीच येणार आहे. मी फावडे धार लावून ठेवले आहे.