पट्टी हातात देण्याआधी

मापन म्हणजे गणितातला हातांनी करायचा भाग, आणि शाळेत तोच बहुधा फळ्यावर उरकला जातो. १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर हे तोंडपाठ असलेले मूल वर्गाच्या दाराची उंची अंदाजाने सांगताना अडते. या विषयाकडे वळणाऱ्या शिक्षकांचे मनापासून स्वागत करताना एकच आग्रह धरते: पट्टी उशिरा द्या.

आधी मुलांना नुसती तुलना करू द्या. आपल्या पंढरपुरात त्यासाठी साहित्याची ददात नाही. वाटीभर चुरमुरे एका पारड्यात आणि तेवढेच वाटीभर साखरफुटाणे दुसऱ्यात घातले, की जागा व्यापणे वेगळे आणि वजन वेगळे हे सांगावे लागत नाही. पंढरपुरी म्हशीची शिंगे लांब, वळलेली. जमिनीवर खडूने तसे शिंग काढा आणि लांबी विचारा. सरळ पट्टी वळणावर बसत नाही. सुतळी वळणावरून फिरवून मग ताणायची, हे मुलांना सुचेपर्यंत आपण गप्प बसायचे. हे गप्प बसणेच सर्वांत अवघड.

मग वीत आणि पाऊल. एकाच सतरंजीची लांबी प्रत्येकाची वेगळी येते, वाद होतो, आणि सर्वांचे एकच माप हवे ही गरज मुलांनाच जाणवते. देशालाही ती जाणवली होती: १९५६ साली कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. कुणाच्या घरी जुनी मापे असतील तर जरूर मागवा. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. धान्य ओतता ओतता निम्मे, पाव, अष्टमांश हाताखालून जातात. परिसरातल्या वस्तूंनी शिकवण्याची ही वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला कधीच घालून दिली आहे.

मुलांची उत्तरे मात्र नीट ऐका. पसरट वाटीतले पाणी उभट पेल्यात ओतले की पाच वर्षांचे मूल ‘जास्त झाले’ म्हणते. ज्याँ पियाजेने यावरच बालविचाराचा मोठा अभ्यास उभा केला. मोठ्या मुलांना ३पासून सुरू होणारी तुटकी पट्टी द्या. ३ ते ८पर्यंतची पेन्सिल कुणी ८ सेंटिमीटर सांगते, कुणी ६. आठ म्हणणाऱ्याने फक्त शेवटचा आकडा वाचलेला असतो. सहा म्हणणारा रेघा मोजतो, रेघांमधली जागा नाही. दोघांना एकच सुधारणा सांगून चालत नाही.